क्रीडा व शारीरिक इजा, इस्लामी विधिविचारातील

ज्या खेळांत अवयव दुखावण्याचा, कायमचे अपंगत्व येण्याचा किंवा प्राण जाण्याचा संभव असतो, ते खेळणे, खेळविणे व पाहणे यांविषयी इस्लामी धर्मशास्त्रात (फिक्ह) झालेला विचार. हा विचार एखाद्या स्वतंत्र प्रकरणात एकत्र आढळत नाही. शर्यत व नेमबाजी, शिकार, मनुष्यवध व जखमा यांची भरपाई, अज्ञानांचे पालकत्व अशा निरनिराळ्या प्रकरणांत तो विखुरलेला आहे. इस्लाममध्ये सर्वांना बंधनकारक असा निर्णय देणारे एकच धर्मपीठ नसल्याने प्रश्नांची उत्तरे पंथ, काळ व विधिज्ञ यांनुसार बदलतात. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर विधिज्ञाने दिलेले मत होय. न्यायालयाच्या हुकुमासारखा तो अमलात आणता येत नाही. तथापि या मतभिन्नतेच्या मुळाशी असलेली तत्त्वे बहुतांशी समान आहेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोकण किनाऱ्यावरील तसेच ठाणे, कल्याण, भिवंडी या भागांतील कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे, तर देशावरील व उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेले मुसलमान बहुतांशी हनफी पंथाचे आहेत. त्यामुळे एकाच शहरात एकाच खेळाविषयी दोन परंपरांचे ग्रंथ प्रमाण मानले जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत विषयात मात्र या दोन पंथांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

मूळ आधार : कुराणात स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नये (२·१९५) व आत्मघात करू नये (४·२९) अशा आशयाच्या आज्ञा आहेत. पहिल्या आज्ञेचा मूळ संदर्भ दानधर्माचा असला, तरी विधिज्ञांनी तिचा अर्थ व्यापक केला व प्राणरक्षणाच्या बाबतीत तीच मुख्य आधार मानली. दुसऱ्या बाजूस, शक्य तितके सामर्थ्य सज्ज ठेवावे असेही कुराण सांगते (८·६०). आणि या सामर्थ्याचा अर्थ तिरंदाजी असा मुहंमद पैगंबरांनी केल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. शरीर जपावे आणि शरीर कणखर करावे, या दोन आज्ञांमधील ताण हाच या सर्व चर्चेचा गाभा आहे. शरीर कणखर करणारा जवळजवळ प्रत्येक खेळ ते थोडेफार दुखावतोच.

हदीस-वाङ्मयातील खेळांचे उल्लेख पाहिल्यास तेथे खेळांविषयी तिरस्कार दिसत नाही. मदीनेत कसलेल्या व न कसलेल्या घोड्यांच्या शर्यती लावण्यात आल्या. कसलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला व न कसलेल्यांना जवळचा, अशी त्यांत विभागणी होती. रुकाना नावाच्या नामांकित मल्लाशी स्वतः पैगंबरांनी कुस्ती केली व त्यास चीत केले, अशी एक कथा अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिची परंपरा तिर्मिजीने दुर्बळ ठरविली असली, तरी मल्लविद्येच्या समर्थनार्थ तीच नेहमी सांगितली जाते. सणाच्या दिवशी काही हबशी मदीनेच्या मशिदीत भाल्यांचा खेळ करीत असता उमर यांनी तो थांबविण्याचा प्रयत्न केला, पण पैगंबरांनी त्यांना खेळू दिले, असे बुखारीच्या संग्रहात आहे. भाल्यांचा खेळ निर्धोक नसतो, हे त्या काळच्या माणसांना सांगण्याची गरज नव्हती.

याबरोबरच सावधगिरीच्या सूचनाही आहेत आणि त्या विलक्षण व्यावहारिक आहेत. बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणास इजा होणार नाही. कठडा नसलेल्या गच्चीवर जो झोपेल, त्याची जबाबदारी कोणावर राहत नाही. भांडण झाले तरी तोंडावर प्रहार करू नये. सजीव प्राण्यास नेमबाजीचे लक्ष्य करू नये व प्राण्यांची झुंज लावू नये. या सर्वांत विधिदृष्ट्या सर्वांत बोलका दंडक बोटांच्या चिमटीतून खडे उडविण्याच्या खेळाविषयीचा आहे. या खेळाने शिकार साधत नाही, शत्रू जायबंदी होत नाही. मात्र कोणाचा दात पडतो वा डोळा जातो, म्हणून तो मना करण्यात आला. क्षुल्लक वाटणाऱ्या या निर्णयात हेतू व हानी यांची तुलना स्पष्टपणे आली आहे. भाला अधिक घातक असूनही त्याच्या खेळास परवानगी आणि खड्यांना मनाई, याचे कारण भाल्याच्या सरावातून काही निष्पन्न होते व खड्यांतून होत नाही. धोक्याचे प्रमाण ही एकच कसोटी असती, तर निर्णय उलट झाला असता.

‘स्वतःस हानी नको व दुसऱ्यासही नको’ अशा आशयाची एक हदीस पुढे विधिसूत्र म्हणून रूढ झाली. ऑटोमन साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत ती १९ वे कलम म्हणून समाविष्ट आहे. गझाली (मृत्यू ११११) व पुढे शातिबी (मृत्यू १३८८) यांनी शरियतीची उद्दिष्टे म्हणून धर्म, प्राण, बुद्धी, वंश व संपत्ती या पाचांचे रक्षण सांगितले. मुष्टियुद्धाच्या चर्चेत या यादीतील ‘बुद्धी’ला अनपेक्षित महत्त्व आले, तो भाग पुढे येईल.

जोखमीची कसोटी : प्रत्येक धोक्याचा खेळ त्याज्य, असे मध्ययुगीन विधिज्ञांनी मानले नाही. हनफी पंथातील हस्कफी (मृत्यू १६७७) याच्या ‘अद्-दुर्रुल्-मुख्तार’ या ग्रंथात, निष्णात असलेल्या व ज्याच्या सुरक्षिततेचा संभव अधिक आहे अशा व्यक्तीस धोक्याचा खेळ वैध असल्याचे म्हटले असून तिरंदाजी व साप पकडणे ही त्याची उदाहरणे दिली आहेत. शाफई ग्रंथांतही हाच नियम आढळतो. म्हणजे खेळ कोणता यापेक्षा खेळणारा कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तोच कडा सरावलेल्या गिर्यारोहकास वैध आणि हौशी नवख्यास अवैध असू शकतो. तोच चेंडू शिरस्त्राण घातलेल्या फलंदाजास चालेल आणि उघड्या डोक्याच्या पोरास चालणार नाही. हा नियम सापेक्ष असल्याने लवचीक आहे, पण त्यामुळेच त्याचा गैरफायदाही घेता येतो. आपण निष्णात आहोत असे न वाटणारा तरुण विरळा.

‘संभव अधिक’ म्हणजे किती, याचे गणित या ग्रंथांत नाही. खात्री, प्रबळ समज, साशंकता व निव्वळ कल्पना अशा ज्ञानाच्या पायऱ्या विधिज्ञ मानतात आणि व्यवहारात प्रबळ समज पुरेशी धरतात. ती ठरविण्याचे काम त्या त्या क्षेत्रातील जाणत्यांचे. आजच्या परिस्थितीत याचा अर्थ असा की, एखाद्या खेळातील इजांविषयी वैद्यांचे ज्ञान बदलले, तर धर्मशास्त्रीय निर्णयही बदलू शकतो.

घोड्यावरून चेंडू खेळण्याचा चौगान हा खेळ या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दिल्लीचा पहिला सुलतान कुत्बुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोर येथे चौगान खेळताना घोडा कोसळून मरण पावला. तथापि त्यामुळे चौगान निषिद्ध झाला नाही. इराण, ईजिप्त व हिंदुस्थान येथील मुसलमान दरबारांत तो पुढेही मानाचा खेळ राहिला आणि अकबराने तर रात्री खेळता यावे म्हणून पळसाच्या लाकडाचे पेटते चेंडू वापरल्याचे ‘आईन-इ-अकबरी’त नमूद आहे. अश्वविद्या ही युद्धाची तयारी असल्याने तिची जोखीम समर्थनीय मानली गेली. चौदाव्या शतकातील हंबली पंडित इब्न कय्यिम अल्-जौझिय्या (मृत्यू १३५०) याने ‘अल्-फुरूसिय्या’ हा ग्रंथच अश्वविद्या, तिरंदाजी व शर्यती यांवर लिहिला.

अहमदनगरची द्वंद्वे : धोक्याच्या खेळाला राजाश्रय मिळाल्यास काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक ऐतिहासिक उदाहरण निजामशाहीच्या आरंभकाळातील आहे. १४९० मध्ये निजामशाही स्थापन करणारा मलिक अहमद निजामशाह स्वतः उत्तम पटाईत होता. इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तान्तानुसार, राजाचे अनुकरण करण्याच्या रीतीप्रमाणे अहमदनगरात (सध्याचे अहिल्यानगर) तलवारबाजीचे वेड पसरले. पाठशाळांची जागा आखाड्यांनी घेतली. मोहल्ल्यामोहल्ल्यांत कुस्ती, लाठी व तलवार यांचे शिक्षण सुरू झाले आणि बैठकींतून दुसरा विषय उरला नाही. आपापल्या कौशल्याचा वाद घेऊन तरुण दरबारात येत व सुलतानासमोर द्वंद्व करीत. पुढे अशा तरुणांची रोज गर्दी होऊ लागली आणि दोनतीन जण ठार झाल्यावाचून दिवस जाईना, तेव्हा सुलतानासही त्याचा वीट आला.

त्याने केलेला बंदोबस्त विधिदृष्ट्या लक्षणीय आहे. त्याने द्वंद्वे बंद केली नाहीत. आपल्या समोर ती होऊ नयेत, एवढेच ठरविले. किल्ल्याजवळच्या मैदानावर ती खेळण्यास मुभा राहिली. लढत सरळ व्हावी, कोणी मध्ये पडू नये आणि एकजण ठार झाल्यास दुसऱ्यावर सूड किंवा दंड यांचा दावा चालू नये, असा नियम झाला. दोघांनी राजीखुशीने तलवार उपसली की शरियतीतील किसास, म्हणजे जिवाबद्दल जीव मागण्याचा वारसांचा हक्क, राजाज्ञेने निकालात निघाला. ही चाल अहमदनगरपुरती राहिली नाही. दक्षिणेतील इतर मुसलमान राज्यांत ती पसरली आणि सरदारांप्रमाणे विद्वानांतही प्रतिष्ठेची झाली. द्वंद्व टाळणारा भेकड ठरू लागला.

फिरिश्ता अहमदनगरात वाढला व १५८९ मध्ये विजापूरला गेला. शतकभराने तो या चालीविषयी लिहितो ते तीव्र तिटकाऱ्याने. विजापुरात भररस्त्यात एका क्षुल्लक वादातून दोन्ही पक्षांची मिळून सहा माणसे काही क्षणांत मेल्याचे, व त्यांतील बहुतेक पिकल्या दाढीची, दरबारात परिचित माणसे असल्याचे त्याने सांगितले आहे. फिरिश्ता विधिज्ञ नव्हता. पण खेळ, कौशल्य व प्रतिष्ठा यांच्या आवरणाखाली मनुष्यवध कसा रूढ होतो, हे त्याने कोणत्याही फतव्यापेक्षा स्पष्ट दाखविले आहे. शास्त्राच्या दृष्टीने पाहता, येथे निष्णातपणाची कसोटी उलटी फिरली होती : खेळणारा जितका कुशल, तितका प्रतिस्पर्ध्याच्या मरणाचा संभव अधिक.

संमती व दायित्व : उभयतांची संमती असली म्हणजे इजा वैध होते का, हा वरील उदाहरणातून निघणारा मूळ प्रश्न होय. इस्लामी विधीचे उत्तर दुपदरी आहे. शरीर हे माणसाकडे ईश्वराची ठेव असल्याने ते नष्ट करण्याची परवानगी देण्याचा अधिकार कोणासच नाही. म्हणून संमतीने पाप टळत नाही. मात्र ऐहिक परिणामांवर संमतीचा प्रभाव पडतो. ‘मला मार’ असे सांगणाऱ्यास कोणी मारल्यास, हनफी मतानुसार किसास लागू होत नाही, परंतु दिया (मृत्यूची भरपाई) द्यावी लागते. शाफई पंथातील प्रचलित मतानुसार दियाही देय राहत नाही. कृत्य निषिद्धच, याविषयी मात्र दुमत नाही.

दायित्वाची वाटणी कशी करावी यासंबंधी हंबली पंडित इब्न कुदामा याच्या ‘अल्-मुग्नी’त चौथे खलीफा अली यांच्या नावावर एक निवाडा सांगितला आहे. तीन मुली खेळत होत्या. एक दुसरीच्या खांद्यावर बसली. तिसरीने खालच्या मुलीस चिमटा काढला, ती उसळली आणि वरची पडून मान मोडून मेली. अलींनी दियेचे तीन भाग केले. दोन भाग उरलेल्या दोघींच्या आप्तगटांवर बसविले व तिसरा भाग सोडून दिला, कारण खांद्यावर चढून मृत मुलीने आपल्या मृत्यूस स्वतःही हातभार लावला होता. दगडफेकीचे युद्धयंत्र चालविताना दगड उलटून चालविणाऱ्यांपैकीच एक ठार झाल्यास त्याच्या वाट्याची भरपाई वजा करावी, असाही नियम याच तर्काने केला आहे. जो खेळात स्वेच्छेने उतरतो, तो धोक्याचा एक हिस्सा स्वतःवर घेतो. पण इतरांचा हिस्सा त्यामुळे नाहीसा होत नाही.

भारतात फौजदारी बाबतींत इस्लामी कायदा लागू नाही. १९३७ च्या शरियत अधिनियमाचे क्षेत्र विवाह, वारसा आदी विषयांपुरते आहे. तथापि भारतीय दंडसंहितेने (१८६०) ८७ व्या कलमात हाच प्रश्न हाताळला होता. मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा उद्देश नसेल व तसा संभव असल्याचे ज्ञान नसेल, तर अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेली इजा अपराध होत नाही, असे ते कलम. आणि त्याखालचे दृष्टान्त म्हणून दिलेले उदाहरण तलवारीच्या खेळाचेच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद २५ व्या कलमात कायम आहे. अहमदनगरच्या मैदानावरील द्वंद्व या कलमात बसले नसते.

खांद्यावर चढलेल्या मुलीचा निवाडा ठाण्यातील वाचकास दहीहंडीची आठवण करून देईल. हा खेळ इस्लामी परंपरेबाहेरचा व कृष्णजन्मोत्सवाशी निगडित आहे. परंतु जोखमीच्या खेळाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत व न्यायालयात सर्वांत ठसठशीतपणे आला तो त्याच्याच निमित्ताने. २०१२ मध्ये ठाण्यात ४३·७९ फुटांचा (१३·३४ मी.) नऊ थरांचा मनोरा रचून विक्रम नोंदविण्यात आला. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली व अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंधने कायम ठेवली. त्याच वर्षी ठाण्याच्या नौपाडा भागात मर्यादेहून उंच हंडी बांधली गेली व त्याबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोपविला आणि चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी करणार नाही, ही शासनाची हमी स्वीकारली. २०२२ मध्ये राज्यशासनाने दहीहंडीस साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा देण्याची घोषणा केली व गोविंदाचा मृत्यू झाल्यास वारसांस १० लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद केली. इस्लामी विधिज्ञांनी ज्या तीन गोष्टी निराळ्या काढून तपासल्या असत्या—कौशल्य, वय आणि पडल्यानंतरचे दायित्व—त्याच तीन गोष्टींभोवती हा वाद फिरला, हे उल्लेखनीय आहे.

अज्ञान मुले : मुलांच्या बाबतीत इस्लामी विधी अधिक काटेकोर आहे. पालकाचा अधिकार पाल्याच्या हितापुरताच असल्याने, मुलास निव्वळ हानिकारक ठरणाऱ्या गोष्टीस पालकाची संमती निरर्थक ठरते. उहुदच्या लढाईच्या (६२५) वेळी चौदा वर्षांच्या इब्न उमर यांना परत पाठविण्यात आले व खंदकाच्या लढाईत (६२७) पंधराव्या वर्षी घेण्यात आले. यावरून शाफई पंथाने, तसेच हनफी पंथातील अबू यूसुफ व मुहंमद अश्-शैबानी यांनी, इतर लक्षणे न दिसल्यास पंधरावे वर्ष सज्ञानतेचे मानले. अबू हनीफा यांनी मुलांसाठी अठरा वर्षांची मर्यादा सांगितली. उहुदच्या प्रसंगी आणखी एक कथा सांगितली जाते. राफी हा किशोर तिरंदाज म्हणून निवडला गेला, तेव्हा समुरा नावाच्या दुसऱ्याने आपण राफीला कुस्तीत पाडतो अशी तक्रार केली. दोघांची कुस्ती लावण्यात आली, समुराने ती जिंकली आणि त्यासही घेण्यात आले. म्हणजे वयाबरोबर सिद्ध झालेले सामर्थ्यही विचारात घेतले जाई.

या तत्त्वांचा सर्वांत लज्जास्पद भंग आखाती देशांतील उंटांच्या शर्यतींत झाला. वजन कमी म्हणून दक्षिण आशिया व आफ्रिका येथून आणलेली लहान मुले उंटांवर बांधली जात; अनेक मुले पडून जायबंदी झाली. शर्यत मान्यच होती, बक्षीसही मान्य होते. चूक होती ती स्वाराच्या निवडीत. आंतरराष्ट्रीय टीकेनंतर २००५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अठरा वर्षांखालील स्वारांस कायद्याने बंदी केली. कॉतारनेही त्याच सुमारास मुलांऐवजी यांत्रिक स्वार वापरण्यास आरंभ केला. उंट, घोडे व बाण यांच्या शर्यतींना हदीसची परवानगी आहे, हे सर्व जाणत होते. मुलाच्या संमतीला अर्थ नसतो, हेही त्याच ग्रंथांत होते.

मल्लविद्या व मुष्टियुद्ध : कुस्तीस सर्वच पंथांनी वैध मानले, केवळ वेळ घालविण्यासाठी ती खेळणे हनफी ग्रंथकारांस अप्रशस्त वाटते, सामर्थ्यासाठी नाही. महाराष्ट्राच्या तालमींत मुसलमान मल्लांचे स्थान जुने आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यासाठी बाळंभटदादा देवधरांनी केलेल्या तयारीतून मल्लखांब नव्याने पुढे आला, अशी परंपरा आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले (१९१२) आणि पंजाबपर्यंतच्या मुसलमान पहिलवानांना आश्रय दिला. येथे विधिज्ञांच्या शंका इजेविषयी कमी व वेषाविषयी अधिक असत. पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकावा, असा हनफी व शाफई दंडक असल्याने लंगोट त्यात बसत नाही. आश्रयदात्याने एकतर्फी दिलेल्या इनामापेक्षा दोन्ही मल्लांनी लावलेली पैज अधिक आक्षेपार्ह, कारण ती जुगारात मोडते. लाल मातीत होणाऱ्या दुखापती मात्र कोणी निर्णायक मानल्या नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकविणे हा कुस्तीचा उद्देश. त्याला जखमी करणे हा नव्हे.

मुष्टियुद्धाचे तसे नाही, आणि म्हणूनच त्याविषयीचा निर्णय वेगळा आला. मक्केतील जागतिक मुस्लिम संघटनेच्या (राबिता) फिक्ह परिषदेने आपल्या दहाव्या अधिवेशनात (ऑक्टोबर १९८७) मुष्टियुद्ध, मुक्त शैलीची व्यावसायिक कुस्ती व बैलांशी झुंज ही तिन्ही निषिद्ध ठरविली. प्रतिस्पर्ध्यास इजा करणे हेच ज्याचे साधन आहे व ज्यात अंधत्व, मेंदूची हानी किंवा मृत्यू आला तरी मारणाऱ्यावर दायित्व येत नाही, तो व्यायाम म्हणता येणार नाही, असा तिचा युक्तिवाद होता. ज्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास इजा करण्याची मुभा नसते, ती परिषदेने वैधच ठेवली. तोंडावर प्रहार न करण्याविषयीची हदीस येथे थेट लागू पडते. ‘बुद्धीचे रक्षण’ हे उद्दिष्टही येथे लागू पडते : डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूची झीज होते, हे वैद्यकास ज्ञात असल्याने मद्याप्रमाणे मुष्टियुद्धही बुद्धिनाशक ठरते. इस्लाम स्वीकारलेला जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा मुहंमद अली (१९४२–२०१६) यास १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. त्याच्या आजाराचा ठोशांशी नेमका संबंध किती हा वैद्यकाचा प्रश्न असला, तरी सामान्य मुसलमान वाचकाच्या मनात ते उदाहरण फतव्यापेक्षा खोल रुजले.

परिषदेचा निर्णय व्यवहारात फारसा पाळला गेला नाही. मुसलमान बहुसंख्य असलेल्या अनेक देशांत मुष्टियुद्धाचे राष्ट्रीय संघ आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक सामन्यांत उझबेकिस्तानच्या मुष्टियोद्ध्यांनी पाच सुवर्णपदके मिळविली. भारताच्या निखत झरीनने २०२२ व २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकले. ज्या देशात ही परिषद भरते, त्या सौदी अरेबियातच २०१९ पासून व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या अवजड गटातील मोठ्या लढती होत आहेत. शिरस्त्राण, गुणांवर निकाल व पंचांचा हस्तक्षेप यांमुळे हौशी मुष्टियुद्धाचे स्वरूप बदलते, म्हणून त्यास वेगळा नियम लावावा असे काही अभ्यासक म्हणतात. तर्कदृष्ट्या हा मार्ग बंद नाही. पण चेहरा हेच लक्ष्य असेपर्यंत हदीसशी त्याचा मेळ बसविणे अवघड आहे. कराटे, तायक्वोंदो यांसारख्या प्रकारांत संरक्षक साधने वापरून चेहऱ्यावरील प्रहार टाळल्यास बहुतेक विधिज्ञ आक्षेप घेत नाहीत.

प्राण्यांच्या झुंजींबाबत मतभेद जवळजवळ नाहीत. कोंबडे, मेंढे वा बैल झुंजविणे सर्वत्र निषिद्ध मानले जाते, आणि गोव्यातील धिरयोसारखे प्रकार हे त्याच सदरात येतील. शर्यतीचा न्याय निराळा. तेथे प्राण्यास अवास्तव त्रास न देण्याची अट घातली जाते.

इजेचा युक्तिवाद नेहमी धर्मशास्त्राच्याच बाजूने केला जातो असे नाही. जागतिक फुटबॉल संघटनेने डोक्याभोवतीच्या वस्त्रामुळे मानेस इजा होण्याचा संभव दाखवून हिजाब घालून खेळण्यास मनाई केली होती. त्यामुळे २०११ मध्ये इराणच्या महिला संघास ऑलिंपिक पात्रता सामना खेळता आला नाही. सहज सुटणाऱ्या वस्त्राचे नमुने तपासल्यानंतर मार्च २०१४ मध्ये नियम बदलण्यात आला. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये व मुष्टियुद्धाच्या संघटनेने २०१९ मध्ये अशीच मोकळीक दिली. धोका खरोखर किती आहे हे जाणत्यांकडून तपासून घ्यावे, केवळ भीतीवर निर्णय देऊ नये, हा फिक्हमधील नियम येथे खेळांच्या संघटनांना लागू पडला.

विम्याचा प्रश्न अद्याप चर्चेत आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा अवैध व परस्पर साहाय्यावर आधारलेला विमा (तकाफुल) वैध ठरविला. त्यामुळे धोक्याच्या खेळातील खेळाडूंसाठी भरपाईची तरतूद करताना सहभागी व्यक्तींच्या वर्गणीतून उभारलेला निधी विधिज्ञांस अधिक पसंत पडतो. खांद्यावरून पडलेल्या मुलीच्या निवाड्यात दियेचा भार एकट्या व्यक्तीवर न टाकता तिच्या आप्तगटावर टाकला होता. या निधीची मूळ कल्पना काही लेखक तेथवर मागे नेतात.